डोके वडिलांचे, सही मुलाची

मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला आहे, असे निदान कानावर पडले की घरात एकच प्रश्न उठतो : ऑपरेशन कधी? ते करायचे की नाही, हे विचारायचे कुणाला सुचत नाही. आणि खरा प्रश्न तोच असतो.

फुगा फुटला असेल तर वादाला जागा नाही. पूर्वी कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी क्षणात उसळते, उलट्या होतात, शुद्ध हरपते. अशा वेळी मेंदूची शस्त्रक्रिया होणारे रुग्णालय गाठायचे आणि फुगा लवकर बंद करून घ्यायचा. त्याच्या वाटा मुख्यतः दोन. वॉल्टर डँडी यांनी १९३७ साली बाल्टिमोरला कवटी उघडून फुग्याच्या मानेवर चिमटा बसवला, ती क्लिप. पुढे १९९० च्या सुमारास गुइडो गुग्लिएल्मी यांनी लॉस एंजेलिसला धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेचे वेटोळे भरले, ती कॉइल. फुटलेल्या फुग्याच्या २१४३ रुग्णांवरचा तुलनात्मक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. वर्षअखेरीस मृत वा परावलंबी झालेले रुग्ण क्लिपच्या गटात शंभरात ३१, तर कॉइलच्या गटात २४ होते. तरीही फुग्याची जागा आणि आकार पाहता काहींना क्लिपच योग्य ठरते.

पेच पडतो तो न फुटलेल्या फुग्याचा. चक्कर येते म्हणून एमआरआय काढावा आणि भलतेच हाती लागावे, असे आता वरचेवर घडते. शंभर प्रौढांत सुमारे तिघांना असा फुगा असतो आणि त्यातले बहुतेक जन्मभर फुटत नाहीत. म्हणून इथे तिसरी वाटही आहे : रक्तदाब आटोक्यात ठेवायचा, धूम्रपान सोडायचे, ठरावीक काळाने तपासणी करायची. थांबणे म्हणजे टाळाटाळ नव्हे. तोही उपचारच आहे. रक्तवाहिन्यांच्या जन्मजात गुंत्याबाबत तर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने खळबळ उडवली. न फुटलेला गुंता असलेल्या २२३ रुग्णांत, सरासरी ३३ महिन्यांत, केवळ औषधोपचारावर ठेवलेल्यांपैकी शंभरात १० जणांना पक्षाघात वा मृत्यू आला. गुंत्यावर थेट उपचार झालेल्यांत ३१ जणांना. तेहतीस महिने म्हणजे जन्म नव्हे, हा टीकाकारांचा आक्षेप रास्त आहे. तिशीतल्या माणसाचा हिशेब सत्तरीतल्या माणसाला लागू पडत नाही.

बँकेत उमेदीची वर्षे गेली, तेव्हा कर्जाच्या कागदांवर न वाचता सह्या करणारे जामीनदार शेकड्यांनी पाहिले. जोखीम किती आणि कुणाच्या माथी, हे विचारणे त्यांना उद्धटपणाचे वाटे. रुग्णालयातही तेच चालते. वडील शुद्धीवर असतात, त्यांची बुद्धी शाबूत असते, तरी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून मुलगा आत सही करतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निर्वाळा दिला आहे की, उपचाराचे पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रुग्णाला सांगितल्याशिवाय संमती खरी ठरत नाही. त्या खटल्यात सज्ञान मुलीच्या वतीने आईने दिलेली संमतीही न्यायालयाने मानली नाही.

डॉक्टर म्हणतात, सगळे सांगितले तर रुग्ण घाबरतो. घाबरेल खरा, पण ‘डोक्यात बाँब आहे’ असे ऐकवून सही घेण्यात जी भीती आहे, ती कुठल्याही आकड्यात नाही. तेव्हा रुग्णाने तीन गोष्टी विचाराव्यात : काहीच केले नाही तर माझ्यासारख्या शंभरांतल्या किती जणांचा फुगा फुटेल? उपचारातच कितींना इजा होते? आणि या रुग्णालयात असे किती उपचार होतात? उत्तरे मराठीत आणि लेखी मागावीत. मग ऑपरेशन ठरो वा थांबणे ठरो, ठरवील तो ज्याचे डोके आहे तो.