फोन खुंटीला, मग पंप पाठीला



मागे गावात एका कार्यक्रमाला शहरातून वक्ते आले होते. विषय होता ताणतणाव आणि माणसाची प्रगती. बोलले चांगलं. पहाटे पाचला उठा, मोकळ्या हवेत फिरा, निसर्गात राहा म्हणाले. शेजारी बसलेले तात्या हळूच म्हणाले, "आपण जन्मभर तेच करतोय, तरी बीपीची गोळी चालूच आहे." आम्ही हसलो. पण घरी येताना वाटलं, आपला ताण कुठून येतो ते आपणच लिहायला पाहिजे. म्हणून माझी एक चूक सांगतो. लाजेपोटी आजवर इथं टाकली नव्हती.

२०२४ चा सप्टेंबर. गौरी नुकत्याच गेल्या होत्या, गणपती बसलेले होते. चाळीत माझा उन्हाळ कांदा होता. १३ तारखेला बातमी आली की कांद्यावरचं निर्यातशुल्क ४० टक्क्यांवरून २० वर आलं. आदल्या डिसेंबरात, २०२३ च्या ८ तारखेला, निर्यातबंदी लागली तेव्हा हात पोळलेले होते. त्यामुळं रात्री एकपर्यंत फोन सोडला नाही. एक ग्रुप म्हणतो थांबा, अजून वाढणार. दुसरा म्हणतो उद्याच काढा, सरकार कधीही फिरेल. झोप कसली लागते!

सकाळी टोमॅटोला फवारणी होती. चाळीसेक दिवसांचा प्लॉट, फुलावर आलेला. माझ्याकडं पाठीवरचे दोन पंप. तणनाशकाच्या पंपाला लाल चिंधी बांधलेली. त्याच पंपानं चार दिवसांपूर्वी बांधावरच्या गाजरगवतावर टू-फोर-डी मारलं होतं आणि पंप नुसता पाण्यानं हिसळून ठेवला होता. औषध कालवताना फोन वाजला. भावाचा मेसेज. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं पंप उचलला. चिंधी दिसली नाही का? दिसली असणार. डोळ्यांना दिसली, डोक्यात गेली नाही.

तो पंप नऊ सऱ्यांना पुरला. मग पोरगा दुसरा पंप घेऊन आला, बाकीचा प्लॉट त्यानं मारला.

तिसऱ्या दिवशी बघतो तर शेंडे वाकडे, पानं बारीक होऊन दोरीसारखी पिळलेली. फोटो काढून ग्रुपवर टाकला. तासाभरात अकरा उत्तरं. कुणी म्हणालं व्हायरस, कुणी थ्रिप्स, कुणी बोरॉन कमी पडलंय. एकानं तर सगळा प्लॉट उपटायला सांगितला. तीन औषधांची यादी खिशात घालून मी दुकानाला निघालो होतो. तेवढ्यात ओळखीच्या एका कृषी सरांचा फोन आला. त्यांनी औषधाचं नावच काढलं नाही. विचारलं, "दादा, किती सऱ्यांना झालंय? सलग आहेत का? रोग असा सऱ्या मोजून येत नाही. पंप कुठला वापरला होता?"

गाडी तिथंच लावली आणि पंप बघायला गेलो.

नऊ सऱ्यांचं पीक गेलं ते गेलंच. घरी महिनाभर खरं सांगितलं नाही, पोराला म्हणालो व्हायरस होता. शेवटी आमच्या घरचीच एकदा म्हणाली, "अहो, चिंधी मीच बांधली होती त्याला. मला कळलं होतं त्याच दिवशी."

आता माझं मत. कर्जाचा हप्ता, पाऊस, पोरीचं लग्न, हा ताण खरा आहे. फोन बंद केला म्हणून तो कमी होत नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर त्याला शेती माहीत नाही. पण त्याच्यावर आपण उसनं ओझं घेतो. भावाच्या मेसेजात मोठ्या अक्षरात असतो तो जास्तीत जास्त भाव. तो एखाद्या भारी वक्कलाचा असतो. आपला माल सरासरीत जाणार, गोल्टी त्याच्याही खाली. तरी आपण त्या वरच्या आकड्यावर रात्रभर हिशेब करतो आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन नाराज होतो.

चाळ भरतानाच आता मी वहीत लिहितो, खर्च किती झाला आणि कुठल्या महिन्यात किती माल काढायचा. तीन टप्पे ठरलेले. भाव दिवसातून एकदा, लिलाव झाल्यावर बघतो, तोही सरासरीचा. मागच्या साली एक टप्पा चुकला, पंधरा दिवसांनी भाव वाढला. हळहळ वाटलीच. पण ती दोन दिवस राहिली. पूर्वी दोन महिने पुरायची.

फवारणीला जाताना फोन घरात खुंटीला. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तो बघतोच. वीज कडाडायला लागली तर दामिनी ॲप बघायलाच पाहिजे, तेव्हा फोन जवळच्या माणसाकडं असू द्या. आणि टू-फोर-डीचा पंप कितीही धुतला तरी टोमॅटोत, कपाशीत, द्राक्षात नेऊ नका. वेगळाच ठेवा.

कृषीवाल्या साहेबांना हात जोडून विनंती. एकाच दिवशी पाच-पाच वेळापत्रकं पाठवू नका. फोटो आला की औषध सांगायच्या आधी त्या सरांसारखे दोन प्रश्न विचारा. किती सऱ्या, कधीपासून, आधी काय मारलं.

अजून एक. महिनाभर मी खोटं बोलत होतो तेव्हा रात्री विहिरीकडं एकटा जाऊन बसायचो. आज लिहितोय म्हणून सांगतो, डोक्यात बरे विचार नव्हते. तुमच्यापैकी कुणाचं असं होत असेल तर घरात एकाला तरी सांगा. नाही जमलं तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मला तेव्हा माहीत नव्हता.

त्या पंपाला आता चिंधी नाही, अख्खा लाल रंग मारलाय. पोरानं मारला. त्याला खरं काय ते मागच्या पोळ्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, "नाना, मलाही माहीत होतं."

थ्री फेज आली, रोपाला पाणी धरायचंय. थांबतो.