खुर्ची हवी म्हणा, पण कशासाठी तेही सांगा!

गेल्या वर्षीची गोष्ट. इंटर-कॉलेज कबड्डीची सेमी फायनल सुरू होती आणि मी फिजिओथेरपीची इंटर्न म्हणून मैदानाच्या कडेला फर्स्ट एडची बॅग घेऊन बसले होते. चढाईला आलेल्या मुलीला पकडताना दोघींची डोकी एकमेकींवर आपटली. एक उठून उभी राहिली, पण ‘स्कोअर किती झाला?’ असं विचारल्यावर तिला सांगता येईना. मी म्हटलं, ही आज परत खेळणार नाही. कोच म्हणाले, “अगं, स्प्रे मार आणि पाठव तिला. पाच मिनिटं राहिलीत!”

ती खेळली. संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या आणि रात्र दवाखान्यात गेली. सुदैवाने ती ठणठणीत बरी झाली.

डोक्याला मार लागून खेळाडू गोंधळला असेल तर त्याला त्या दिवशी पुन्हा खेळवायचं नाही, हे क्रीडावैद्यकशास्त्रात केव्हाच ठरलंय. ते माझ्या पुस्तकात होतं. स्पर्धेच्या नियमपत्रकात मात्र नव्हतं. पुस्तकातली गोष्ट नियमपत्रकात आणायचं काम कोणाचं, याचा शोध घेत गेले तेव्हा कळलं की डॉक्टर, फिजिओ आणि क्रीडाशास्त्रज्ञांच्या संघटना नेमकं हेच करू शकतात. मी ज्या संघटनेची विद्यार्थी सभासद आहे, तिथे विद्यार्थी प्रतिनिधीची एक जागा होती. मी ठरवलं, उभं राहायचं.

आणि मग सुरू झालं! मैत्रीण म्हणाली, “सीव्हीसाठी ना?” आई म्हणाली, “आधी डिग्री तर हातात घे.” एका सीनियर सरांनी प्रेमानेच समजावलं, “बाळा, पद मागायचं नसतं. ते मिळतं.”

मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच वाक्य. पद मिळतं, पण कोणाला? जो सरांच्या ओळखीचा असतो, मोठ्या शहरात राहतो, प्रत्येक कॉन्फरन्सला जाणं ज्याला परवडतं, त्याला. बीडच्या किंवा सावंतवाडीच्या मुलीकडे कोणी आपणहून पद घेऊन जात नाही. ‘मागू नका’ हा संस्कार वरवर नम्र वाटतो, पण त्याने आत असलेले आतच राहतात आणि बाहेरचे बाहेर.

अशा संघटनांच्या कागदात किती ताकद असते, याचं एक उदाहरण सांगते. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये महिलांची ८०० मीटर शर्यत झाली. ‘बायकांना हे झेपत नाही’ अशी ओरड झाली आणि ती शर्यत १९६० पर्यंत ऑलिम्पिकमधून गायबच झाली. मॅरेथॉन तर लांबची गोष्ट. १९६७ मध्ये बोस्टन मॅरेथॉनला कॅथरीन स्वित्झर धावली, तेव्हा एका अधिकाऱ्याने तिला रस्त्यातच ओढून बाहेर काढायचा प्रयत्न केला. पुढे १९७९ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संघटनेने एक निवेदन काढलं. निरोगी, सराव असलेल्या महिलेने लांब अंतर धावू नये, याला कोणताही निर्णायक शास्त्रीय पुरावा नाही, असं त्यात म्हटलं होतं. लढल्या त्या धावपटूच, पण आता त्यांच्या हातात डॉक्टरांचा कागद होता. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये महिलांची पहिली मॅरेथॉन झाली. गंमत म्हणजे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या याच संघटनेला पहिली महिला अध्यक्ष, बार्बरा ड्रिंकवॉटर, मिळायला १९८८ साल उजाडलं!

आपल्याकडे असे कागद लिहायला विषय कमी आहेत का? पहाटे पाचला कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर जाऊन बघा. पोलीस भरतीची पोरं-पोरी डांबरावर धावत असतात, मुलं १६०० मीटरसाठी आणि मुली ८०० मीटरसाठी. बूट झिजलेले, नडगी ठणकतेय, तरी सुट्टी घ्यायची नाही, कारण भरती तोंडावर आलीय. नडगीचं ते दुखणं कधी नुसत्या सुजेचं असतं, तर कधी हाडाला बारीक चीर गेलेली असते. या पोरांबद्दल मी एकाही कॉन्फरन्समध्ये भाषण ऐकलेलं नाही. तिथे क्रिकेटपटूचा खांदा असतो आणि बाहेर प्रोटीन पावडरचा स्टॉल. कोणत्या विषयाला वेळ द्यायचा, कोणाची स्पॉन्सरशिप घ्यायची, हे समितीच ठरवते. आणि समितीत बसलेल्यांपैकी डांबरावर धावून आलेले कितीसे असतील?

आता दुसरी बाजू. पद मिरवणारे मीही पाहिलेत. उद्घाटनाला फोटो, लेटरहेडवर नाव, आणि वर्षभर बैठकीला दांडी. म्हणूनच ‘खुर्ची’ म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण यावर उपाय म्हणजे चांगल्या लोकांनी लांब राहणं नव्हे. मागणाऱ्याला ‘कशासाठी?’ हे विचारायला हवं. त्याचं उत्तर लिहून घ्यावं आणि वर्षाने तो कागद त्याच्यासमोर ठेवावा.

तुम्ही उभं राहणार असाल तर तीन गोष्टी आधी करा. एक, संघटनेची घटना वाचा. विद्यार्थ्यांना मत आहे का, मुदत किती, बैठकीत बोलायचा अधिकार आहे का, हे सगळं त्यात असतं. अनेकांनी ती उघडलेलीसुद्धा नसते. दोन, आधी राबा. नोंदणीच्या टेबलावर बसा, बैठकीचं इतिवृत्त लिहा. कोण काम करतं आणि कोण फक्त बोलतं, ते तिथेच दिसतं. तीन, अर्जात ‘खेळाडूंच्या सर्वांगीण विकासासाठी’ वगैरे लिहू नका. एका वर्षात होईल असं एकच काम लिहा.

मी लिहिलं होतं : ‘डोक्याला मार लागल्यावर त्याच दिवशी पुन्हा खेळ नाही, हे वाक्य आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या नियमपत्रकात यावं, म्हणून संघटनेने लेखी शिफारस करावी.’

निकाल? पडले. सात मतांनी! दोन दिवस वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ज्याने मला हरवलं त्यानेच आठवड्याने फोन करून माझा अर्ज मागून घेतला. तो मुद्दा एका बैठकीत मांडलाही गेला. शिफारस अजून निघालेली नाही.

यंदाच्या स्पर्धेचं नियमपत्रक कालच हातात आलं. ते वाक्य त्यात नाही. आज सकाळी मी पुन्हा अर्ज भरलाय.