अंतरा गाळणारांस

गेल्या कोजागरीस मिरा रोड येथील आमच्या वसाहतीच्या गच्चीवर गाण्याची बैठक झाली. सूत्रसंचालकांनीं आरंभीं गायिकेचें नांव सांगितलें, तबलजीचें सांगितलें, पेटीवाल्याचें सांगितलें. ध्वनिवर्धक कोणी दिला, दूध कोणी दिलें, आणि त्या दुधांतील केशर कोणाच्या सौजन्यानें आलें, तेंही सांगितलें. मग त्या तरुण गायिकेनें जोगकंस आरंभिला. तिनें घेतलेली चीज कोणाची, हें मात्र कोणींच सांगितलें नाहीं. दहाव्या मिनिटास पुढच्या रांगेंतील एका सद्गृहस्थांनीं फर्माविलें, "ताई, आतां कांहीं ओळखीचें होऊं द्या." ताईंनीं ख्याल आटोपता घेतला, अंतरा गाळला आणि अभंगास हात घातला. टाळ्या अर्थात् कडकडून पडल्या.

आमचा तंटा अभंगाशीं नाहीं. गाळलेल्या अंतऱ्याविषयीं आहे. चीज रचणारा आपलें टोपणनांव बहुधा अंतऱ्यांतच गुंफतो. महंमदशहा रंगिल्याच्या दरबारांतील नियामतखानानें 'सदारंग' म्हणून तें गुंफलें, आग्रेवाल्या फैयाजखाँनीं 'प्रेमपिया' म्हणून, आणि जगन्नाथबुवा पुरोहितांनीं 'गुणीदास' म्हणून. चित्रकाराची सही असलेला कोपरा कापून चित्र भिंतीवर टांगणारास आपण अडाणी म्हणूं. बैठकींत तेंच झालें, तर त्यास वेळेचें नियोजन म्हणतात!

हे गुणीदास कोण, असें त्या रात्रीं आम्हीं गच्चीवर विचारलें असतें, तर किती हात वर झाले असते? जगन्नाथबुवा (1904–1968) आग्रा घराण्याच्या विलायत हुसेनखाँचे शागीर्द. जोगकंस आज मैफलींत रुळला आहे तो त्यांच्यामुळें. राम मराठे, माणिक वर्मा, सी. आर. व्यास, जितेंद्र अभिषेकी हीं सारीं त्यांच्याकडे शिकलेलीं. यांपैकीं एकाचेंही गाणें कधीं वाजलें नाहीं असें मराठी घर शोधून सांपडणें कठीण. पण ज्यांनीं त्यांस शिकविलें, त्यांचें नांव त्याच घरांत परकें. इतरांस कशाला बोल लावावा? आम्हीं इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेतली, बेथोव्हेनच्या सिंफनींचे क्रमांक तोंडपाठ केले, आणि 'गुणीदास' ही मुद्रा कोणाची हें आम्हांस चाळिशीनंतर कळलें. ही लाज आम्ही लपवीत नाहीं.

श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांची गोष्ट याहून खेदाची आहे. मुंबईंत वाढलेला हा मनुष्य. भातखंड्यांचा पट्टशिष्य, फैयाजखाँकडे तालीम घेतलेला. लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे ते अनेक वर्षें प्राचार्य होते. 'अभिनव गीतमंजरी'च्या तीन भागांत त्यांच्या रचना आहेत. अप्रचलित राग, स्वतः बांधलेले राग, दाक्षिणात्य वर्णमाच्या घाटाचे हिंदुस्थानी वर्णम्, असा तो ऐवज. आम्ही गायक नव्हें, पेटीवर अडखळत वाचणारे. तरी तीं पानें उलगडतांना एकेका ओळींत राग कसा चोख उभा राहतो हें पाहून रात्रीचे दोन वाजल्याचें भान राहत नाहीं. गिंडे, भट, कायकिणी या शिष्यांनीं हें गाणें गळ्यांत जपलें. ते तिघेही आतां नाहींत. स्वरलिपींत सूर आहेत, पण दोन सुरांमधली वाट गुरूच्या गळ्यांतूनच कळते. ती वाट बुजली तर पुस्तक कपाटांत राहील आणि चीज जाईल.

यावर आमचे मर्मज्ञ मित्र म्हणतात, "हिंदुस्थानी गाण्यांत चीज ही केवळ खुंटी, खरें गाणें गायकाचा विस्तार." खुंटीच जर असेल, तर पिढ्यान्‌पिढ्या खाँसाहेबांनीं ती पेटीतल्या दागिन्यासारखी कां लपविली? आणि एका वकिलानें, म्हणजे भातखंड्यांनीं, या खुंट्यांसाठीं वकिली सोडून हिंदुस्थानभर पायपीट कां केली? त्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग म्हणजे रिकाम्या खुंट्यांची मोजदाद नव्हे. दुसरे म्हणतात, "जें मागें पडलें तें कमी योग्यतेचें म्हणूनच मागें पडलें." बाख 1750 सालीं वारला. त्याचें 'सेंट मॅथ्यू पॅशन' 1829 सालीं मेंडेलसोननें बर्लिनमध्यें पुन्हा वाजविलें. तेव्हां तो वीस वर्षांचा होता. मधल्या काळांत तें संगीत हिणकस होतें आणि एका संध्याकाळीं एकदम थोर झालें, असें का या मित्रांस म्हणावयाचें आहे?

राहिली समितीची सबब, कीं लोकांस समजत नाहीं. याच लोकांच्या आज्या, मानापमानाच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या आणि स्वयंवराच्या भास्करबुवांच्या, हें बिनचूक सांगत. तीं नाटकें 1911 आणि 1916 सालचीं. सांगणारा होता म्हणून समजत होतें. आमच्या शेजारच्या दाक्षिणात्य कुटुंबांतील मुलें कृति त्यागराजांची कीं दीक्षितरांची, हें गाण्याआधीं सांगतात. त्यांना कोणी विद्वान् म्हणत नाहीं, तें त्यांच्याकडे साधें वळण आहे. आणि ओळखीचेंच हवें म्हणणारास आमचें एवढेंच विचारणें: आज जें ओळखीचें आहे, तें प्रथम ऐकलें त्या दिवशीं तें काय होतें?

यंदाच्या कोजागरीस दुधाचा सारा खर्च, केशरासह, आम्ही उचलूं, असें आम्हीं समितीस लेखी कळविलें आहे. आमचें नांव जाहीर करूं नये. त्याऐवजीं चिजेच्या कर्त्याचें नांव गाण्याआधीं सांगावें, आणि अंतरा पुरा गाऊं द्यावा. पत्रास तीन आठवडे झाले. चिटणीस जिन्यांत भेटतात, हवापाण्याचें बोलतात, पत्राचें बोलत नाहींत.