ब्लॅकजॅक : तक्ता खरा, नफा खोटा

ब्लॅकजॅक शिकणाऱ्याच्या हाती प्रथम 'बेसिक स्ट्रॅटेजी'चा तक्ता येतो. अमेरिकी लष्करातील चौघांनी साध्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून तो १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. एक्क्याविना बेरीज १३ असताना डीलरचे उघडे पान ६ असेल तर थांबावे, ७ असेल तर आणखी पान घ्यावे. 'इन्शुरन्स' घेऊच नये, अशी त्याची शिस्त आहे.

ती पाळल्यास, नियम अनुकूल असतील तर, कॅसिनोची आघाडी सुमारे अर्ध्या टक्क्यावर येते. म्हणजे एकूण दहा हजार रुपये लावल्यास सरासरी पन्नास रुपयांचा तोटा. हा नफा नव्हे, याचाच अनेकांना विसर पडतो.

शिवाय नियम कॅसिनोच ठरवतो. पहिल्या दोन पानांत २१ झाल्यावर शंभरामागे १५० ऐवजी १२० रुपये दिले, की ही आघाडी सुमारे १.४ टक्क्यांनी वाढते. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरील जीएसटी २८ वरून ४० टक्क्यांवर गेला आहे.

कधीच अमलात न आलेला १९७६ चा कॅसिनो कायदा महाराष्ट्राने २०२३ मध्ये रद्द केला. त्यामुळे येथील हौशी खेळाडूंना मांडवीतील जहाजांचाच रस्ता उरतो. त्यांनी तक्ता जरूर शिकावा. मात्र त्याने तोटा मंदावतो, टळत नाही.