आधी आंबेगाव, मग बाकीचा जिल्हा

पुणे जिल्ह्यातला सर्वांत भाग्यवान तालुका कोणता, हे भूगोलाच्या मास्तरांना विचारू नका, संगणकाला विचारा. पुष्कळ फॉर्मांवर तालुक्याची चौकट उघडायच्या आधीच तिथे आंबेगाव ठाण मांडून बसलेलं असतं. पराक्रम एवढाच, की नाव ‘आ’ने सुरू होतं आणि इंग्रजीत लिहिलं तरी ‘ए’ने. बारामती, भोर, दौंड सगळे मागच्या बाकावर!

गंमत पाहा. मूळ आंबेगाव कधीच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी घोडेगावात. म्हणजे जे गाव बुडालं, त्याच्या नावावर अख्खा जिल्हा राहायला येतोय! उद्या शिवनेरीचा पत्ता भरताना कोणी घाई केली, तर किल्लासुद्धा जुन्नरातून आंबेगावात जायचा.

हसण्यावारी नेऊ नका. ओतूरच्या शेतकऱ्याचा कांदा अवकाळीनं गेला, असं समजा. अर्ज भरणाऱ्यानं नाव, गट नंबर सगळं चोख टाकलं. तालुका भरलेलाच दिसला, म्हणून तो पुढे सरकला. अर्ज गेला घोडेगावला. आता जुन्नरला जा, तर “तुमचं नावच नाही, बाबा!” आणि घोडेगावला जा, तर “ओतूर आमच्यात कुठं येतं?” दोघंही खरंच बोलतात, आणि एस.टी.चं भाडं तेवढं शेतकऱ्याचं जातं.

यावर प्रोग्रामरसाहेब म्हणतात, “माणसानं बघून भरावं.” का हो? कोरी जागा माणसाला प्रश्न विचारते. भरलेल्या जागेकडे कोण दुसऱ्यांदा बघतो?

बरं, यंत्राला दोष द्यावा, तर त्यानं सोय ठेवलेली आहे. विंडोज फॉर्म्सच्या चौकटीत यादीची मोजणी शून्यापासून होते, आणि ‘काहीच निवडलेलं नाही’ यासाठी उणे एक हा आकडा आहे. तयार यादी जोडली, की चौकट आपण होऊन पहिलं नाव दाखवते. ते पुसायचं काम प्रोग्राम लिहिणाऱ्याचं.

“अहो, मी तिथे ‘तालुका निवडा’ असं लिहिलं होतं, पण दिसतच नाही!” दिसेल कसं? चौकट ‘ड्रॉपडाऊन लिस्ट’ जातीची असली, की यादीत नसलेला मजकूर ती दाखवत नाही. पंगतीत पानच मांडलं नाही, तर वाढपी वाढणार कुठे? तेव्हा ‘तालुका निवडा’ हीच यादीतली पहिली ओळ करा. आणि ती तशीच राहिली, तर अर्ज पुढे सोडू नका. चार ओळींचं काम आहे. तेवढ्यात चहासुद्धा गार होत नाही.

आंबेगावकर भली माणसं आहेत, आल्या पाहुण्याला नाही म्हणायची नाहीत. पण पाहुण्याला निदान विचारा तरी, की बाबा रे, तू निघाला होतास कुठे?