आधी प्रश्न, मग प्रबंध

देशातील विद्यापीठांतून पीएच.डी.साठी नोंदणी करणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढते आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१४-१५ साली ती १ लाख १७ हजार होती. २०२१-२२ साली ती २ लाख १२ हजारांवर पोहोचली. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी मॅट्रिक हाच शिक्षणाचा कळस मानला जाई, त्याच घरांतील मुले-मुली आज संशोधनाच्या प्रवेश परीक्षेला बसत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. प्रवेश मिळाला की घरची मंडळी, आप्तेष्ट, शेजारी सारे कौतुकाने विचारतात, ‘विषय कोणता घेतलास?’ प्रश्न कोणता घेतलास, असे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वर्षानुवर्षे खपून सिद्ध झालेले अनेक प्रबंध ग्रंथालयाच्या फडताळात का पडून राहतात, याचे एक मोठे कारण या न विचारलेल्या गोष्टीत आहे.

विषय आणि प्रश्न यांत अंतर आहे. ‘अमुक लेखकाचे साहित्य : एक अभ्यास’, ‘तमुक जिल्ह्यातील शेती : एक चिकित्सा’, ‘अमुक नेत्याचे कार्य व योगदान’ हे विषय झाले. त्यांत काहीही बसते आणि म्हणूनच त्यांतून काही निघत नाही. माहिती गोळा होते, प्रकरणे पडतात, पाने भरतात आणि अखेरीस ‘योगदान मोलाचे होते’ असा निष्कर्ष निघतो, जो पहिल्या दिवशीही ठाऊक होता. विषय हे शेत आहे. त्यात नांगर कोठे घालायचा, हे प्रश्न सांगतो. प्रश्न हाती नसलेला अभ्यासक शेताच्या बांधावरून फेऱ्या मारीत राहतो आणि चाललेल्या अंतरालाच पीक समजतो.

प्रश्नाचे हे महत्त्व पाश्चात्त्य विद्यापीठांनी आपल्याला शिकविले, असा समज असेल तर तो दूर केला पाहिजे. गौतमाच्या न्यायदर्शनात ज्या सोळा पदार्थांचा निर्देश आहे, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरे स्थान संशयाला आहे आणि चौथे प्रयोजनाला. निर्णय येतो तो नवव्या स्थानी. मीमांसकांच्या अधिकरणाची मांडणीही अशीच. आधी विषय, मग त्याविषयीचा संशय, मग पूर्वपक्ष आणि त्यानंतर सिद्धान्त. पूर्वपक्षही प्रतिपक्षाला मान्य व्हावा इतक्या समर्थपणे मांडायचा, हा शिष्टाचार होता. संशयाविना सिद्धान्ताकडे जाण्याची वाट आपल्या पूर्वजांनी ठेवलीच नाही. आज परंपरेचा अभिमान सांगणाऱ्यांनी या शिस्तीचाही वारसा सांगितला पाहिजे.

चांगला प्रश्न सापडतो कोठे? त्यासाठी परदेशी नियतकालिकांची पाने उलटलीच पाहिजेत असे नाही. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात विंचूदंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत. शंभरातील तीस-चाळीस रुग्ण गमवावे लागत. विंचवाचे विष हा विषय जुनाच होता आणि त्यावरचे उपचारही रूढ झालेले होते. डॉ. बावस्करांनी प्रश्न बदलला. विंचू चावलेला माणूस नेमका कशाने मरतो, असे त्यांनी विचारले आणि त्याचे उत्तर रुग्णाच्या उशाशी बसून शोधले. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब यांची तासातासाने नोंद केली. हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी साठते आणि त्यात रुग्ण जातो, हे त्या नोंदींतून स्पष्ट झाले. त्यांची निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मृत्यूचे कारण नेमके कळल्यावर औषधाची दिशाही नेमकी झाली. उच्च रक्तदाबावर दिले जाणारे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध उपयोगी ठरले आणि मृत्यूचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आले. अद्ययावत प्रयोगशाळा नसलेल्या एका खेड्यातून हे घडले, कारण प्रश्न अचूक होता आणि तो समोरच्या माणसांच्या जीवनमरणाशी जोडलेला होता.

प्रश्न निवडणे ही पहिली पायरी. तो घासूनपुसून रेखीव करणे ही दुसरी आणि अधिक कठीण. तिचा आदर्श पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य हाती घेतले. १९२५ साली त्याची धुरा डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्याकडे आली. केंब्रिजला गणित आणि बर्लिनला संस्कृत शिकलेला हा विद्वान. व्यासांनी मूळ लिहिलेले महाभारत कोणते, हा लोकांच्या मनातील प्रश्न. तो भव्य होता, परंतु उपलब्ध साधनांनी त्याचे उत्तर देणे अशक्य होते. सुकथनकरांनी तो आवरता घेतला. आज हाती असलेल्या हस्तलिखितांच्या आधारे मागे जाता येईल तेवढे मागे जाऊन, संहितेचे जास्तीत जास्त प्राचीन रूप कोणते ठरते, एवढेच त्यांनी विचारले. १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत त्यांनी ही मर्यादा स्वच्छ शब्दांत सांगितली.

प्रश्न लहान झाला आणि म्हणूनच कार्य उभे राहिले. शारदेपासून मल्याळमपर्यंत नाना लिप्यांतील १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. सुकथनकर १९४३ साली निवर्तले. त्यांच्यामागे इतरांनी तोच प्रश्न आणि तीच पद्धती पुढे नेली आणि १९६६ साली १९ खंडांचे ते कार्य तडीस गेले. प्रश्न रेखीव असला की तो एका माणसाच्या आयुष्याहून अधिक काळ टिकतो, हा त्याचा मोठा लाभ.

या कार्यातील एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी आहे. व्यासांनी सांगावे आणि श्रीगणेशांनी लिहून घ्यावे, ही कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. हस्तलिखितांच्या साक्षीवरून ती संहितेच्या प्राचीन भागात बसत नाही, असे दिसून आले. संपादकांनी ती मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. ज्यांनी हा निर्णय घेतला ते महाभारताचे द्वेष्टे नव्हते. त्यांनी त्याच ग्रंथासाठी आयुष्य वेचले होते. कथेचा गोडवा त्यामुळे उणावला नाही आणि घराघरांतील श्रद्धाही ढळली नाही. मात्र पुण्यात सिद्ध झालेली ती संहिता जगभरच्या अभ्यासकांनी आधारभूत मानली. आवडती कथा बाजूला ठेवण्याचे धैर्य संपादकांनी दाखविले नसते, तर हा विश्वास संपादन झाला असता काय?

येथेच आजच्या संशोधकापुढील खरा धोका दिसतो. तो म्हणजे उत्तर आधी ठरवून प्रश्न मागाहून बेतणे. या दोषापासून कोणताही देश वा विचारसरणी मुक्त नाही. इरावती कर्वे बर्लिनला गेल्या त्या काळात तेथील मानववंशशास्त्र वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांनी भारलेले होते. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे त्या विचारांचे अग्रणी. माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू तंतोतंत सारख्या नसतात. हा फरक युरोपीयांत अधिक असावा आणि त्याचा संबंध त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठतेशी असावा, असा त्यांचा कयास होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. वंशपरत्वे तसा फरक आढळत नाही, असा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात मांडला. परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध, एका तरुण भारतीय स्त्रीने हे केले. कोणाही भारतीयाची मान ताठ व्हावी अशी ही घटना आहे.

परंतु जे माप फिशरना लावायचे, तेच स्वतःलाही लावले पाहिजे. सरस्वती नदीचे उदाहरण घ्या. ‘सरस्वती होती हे सिद्ध करणे’ हा संशोधनाचा प्रश्न होत नाही आणि ‘सरस्वती ही कपोलकल्पना आहे हे सिद्ध करणे’ हाही होत नाही. दोहोंत निकाल आधीच लागलेला आहे. भूवैज्ञानिकांनी हाच विषय कसा हाताळला, ते पाहण्यासारखे आहे. घग्गरच्या कोरड्या पात्राखालची वाळू केव्हा साठली आणि ती कोणत्या डोंगरातून वाहत आली, असे त्यांनी विचारले. वाळूच्या कणावर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पडला, हे मोजता येते. त्यातील खनिजांवरून त्याचे मूळही सांगता येते. आयआयटी कानपूर व लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांचा समावेश असलेल्या गटाने २०१७ साली असे दाखविले की, सतलजने हा मार्ग सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच सोडला होता आणि हडप्पाकालीन वस्त्या त्या सोडलेल्या खोऱ्यात वसल्या. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि आयआयटी मुंबई येथील संशोधकांनी २०१९ साली वेगळा निष्कर्ष मांडला. सुमारे नऊ हजार ते साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या काळात घग्गर बारमाही वाहत होती आणि तिला सतलजच्या फाट्यांचे पाणी मिळत असावे, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही गट आपापले पुरावे घेऊन उभे आहेत आणि पुढचा संशोधक दोघांचीही मोजमापे तपासू शकतो. घोषणांच्या गदारोळात जे दशकानुदशके झाले नाही, ते वाळूच्या कणाला विचारलेल्या नेमक्या प्रश्नाने होऊ लागले. यातील कोणते उत्तर आपल्याला रुचते, याला येथे महत्त्व नाही. ज्या प्रश्नाचे नावडते उत्तर ऐकण्याची तयारी नाही, तो प्रश्न संशोधकाने हाती घेऊ नये.

विद्यार्थ्याने स्वतःचा प्रश्न पारखावा कसा? काही साध्या कसोट्या आहेत. आपला प्रश्न एका वाक्यात, प्रश्नचिन्हासह लिहिता येतो काय? आपले म्हणणे चूक ठरवील असा पुरावा कोणता, हे सांगता येते काय? तो पुरावा ज्या दप्तरात, गावात वा प्रयोगशाळेत आहे, तेथवर आपण पोहोचू शकतो काय? मोडी वाचता येत नसताना पेशवे दप्तरावर प्रबंध लिहू पाहणाऱ्याने आधी मोडी शिकावी किंवा प्रश्न बदलावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार सर्वसाधारणपणे सहा वर्षांत हे काम संपवायचे असते. तेवढ्या अवधीत ते आटोपेल काय? आणि आधी कोणी हे केले आहे काय? ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरच्या विद्यापीठांतील लाखो प्रबंध खुले असताना ही शेवटची चौकशी न करणे अक्षम्य आहे.

उदाहरणादाखल ‘ऊसतोड कामगारांच्या समस्या’ हा विषय पाहा. त्यावर आयुष्यभर लिहिता येईल. तो आवरत न्यावा. समस्यांपैकी मुलांचे शिक्षण घ्यावे, प्रदेश बीड जिल्ह्यातील एका तालुक्यापुरता ठेवावा. आईवडील हंगामात कारखान्याच्या तळावर गेल्यावर गावातच मुलांची सोय करण्यासाठी हंगामी वसतिगृहे चालविली जातात. ज्या गावांत ही सोय नियमित मिळाली, तेथील मुले आठवीपर्यंत शाळेत टिकण्याचे प्रमाण ही सोय नसलेल्या गावांपेक्षा अधिक आहे काय? हा प्रश्न झाला. शाळेच्या हजेरीपटातून आणि पालकांच्या भेटींतून त्याचे उत्तर मिळू शकते. ते ‘नाही’ असेही येऊ शकते आणि तसे आले तर योजनेत काय चुकते, हे शोधण्याची वाट मोकळी होते. पदवी तर मिळेलच, शिवाय एखाद्या तालुक्यातील मुलांचे भलेही होईल.

या कामी समाजानेही वाटा उचलला पाहिजे. वनवासी पाड्यांवर, सेवावस्त्यांत, शेतकऱ्यांच्या बांधावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांपाशी असे कितीतरी प्रश्न आहेत, जे विद्यापीठाच्या वर्गात कधी पोहोचत नाहीत. एखादी योजना एका गावात रुजते आणि शेजारच्या गावात का मरते, हे त्यांना रोज दिसते. संशोधनाला निघालेल्या तरुणाने त्यांच्यासोबत चार महिने घालवावेत आणि कार्यकर्त्यांनीही त्याच्याकडून आपल्या कामाची प्रशस्ती न मागता परखड परीक्षा मागावी. मार्गदर्शकांनी तयार विषयांची यादी हाती ठेवण्याचा सोपा मार्ग सोडून, विद्यार्थ्याचा प्रश्न दहा वेळा परत पाठविण्याचे कष्ट घ्यावेत. पालकांनीही ‘झाले का लिहून?’ असा तगादा लावण्याऐवजी ‘काय शोधतो आहेस?’ असे एकदा निवांतपणे विचारावे. या साध्या प्रश्नाला ज्याला घरच्या माणसांना समजेल असे उत्तर देता येत नाही, त्याचा प्रश्न अजून तयार झालेला नाही, असे खुशाल समजावे.

प्रबंधांची संख्या पुढेही वाढतच जाईल. त्यांतून ज्ञान किती वाढेल, हे मात्र नोंदणीच्या दिवशी अर्जावर काय लिहिले जाते, यावर बरेचसे अवलंबून आहे. त्या ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह असावे आणि ते प्रामाणिक असावे.