वाईनचं सोवळं

परवा पुण्याहून एका जुन्या वर्गमित्राची मेल आली. कंपनीने त्याच्या टीमला एका हॉटेलात वाईन ओळखायला शिकवणाऱ्या शिबिराला पाठवलं होतं. दोन तासांत सहा ग्लास, प्रत्येकात दोन-दोन घोट. समोरचे टाय लावलेले गृहस्थ म्हणाले, आता ग्लासात नाक घाला, तुम्हाला ब्लॅककरंट, सीडरचं लाकूड आणि ओली माती जाणवेल. याला जाणवला फक्त वाईनचा वास. आजूबाजूचे सगळे माना डोलवत होते म्हणून यानेही डोलावली. मेलच्या शेवटी प्रश्न होता, "तू तिकडे इतकी वर्षं आहेस म्हणून विचारतो. माझ्या नाकात काही दोष आहे का रे?"

मित्रा, नाक ठणठणीत आहे. दोष असलाच तर त्या शिबिरात आहे. आणि विषय निघालाच आहे तर बरेच दिवस मनात साचलेलं बोलून टाकतो. (न पिणाऱ्यांनी प्यायला लागावं म्हणून हे लिहीत नाहीये. न पिणारे सुखात आहेत, त्यांनी तसंच राहावं. जे पितात आणि पिताना उगाच घाबरतात, त्यांच्यासाठी हे आहे.)

आधी त्या ब्लॅककरंटचं बघू. आपल्यापैकी किती जणांनी हे फळ खाल्लंय? आपल्याला ते माहीत आहे आइस्क्रीममधलं. गंमत म्हणजे इथे अमेरिकेतही बहुतेकांना ते फारसं माहीत नाही. पाइनच्या झाडांवर पडणारा एक रोग या झुडपांमुळे पसरतो म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे त्याच्या लागवडीवर बंदी आली. केंद्राची बंदी १९६६ मध्ये उठली, न्यूयॉर्क राज्यातली तर थेट २००३ मध्ये. म्हणजे ज्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी हे फळ पाहिलं नाही, ते लोक ग्लासात नाक घालून त्याची आठवण काढतात! हा शब्द आला युरोपातून. इंग्लंडमध्ये मुलं ब्लॅककरंटचं सरबत पीत मोठी होतात. त्यांच्यासाठी तो साधा घरगुती शब्द आहे, आपण जांभूळ म्हणावं तसा. मग आपणही जांभूळ म्हटलं तर बिघडलं कुठे? पण नाही. साहेबाने त्याच्या परसातलं फळ आठवलं की ते ज्ञान, आणि आपण आपल्या परसातलं आठवलं की ते अडाणीपण.

बरं, हे जाणकार तरी किती पक्के? २००१ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथे वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. पांढऱ्या वाईनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून त्यांना दिला. या भावी तज्ज्ञांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. म्हणजे नाकाने नाही, डोळ्यांनी वास घेतला.

दुसरा प्रयोग आमच्या कॅलिफोर्नियातला. रॉबर्ट हॉजसन हे समुद्रशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, स्वतः छोटी वायनरी चालवणारे. आपल्या वाईनला एका स्पर्धेत सुवर्णपदक आणि दुसऱ्या स्पर्धेत काहीच नाही, असं का होतं, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी राज्याच्या जत्रेतल्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाईन, न सांगता, तीनदा दिली. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. तिन्ही वेळा साधारण सारखे गुण देणारे परीक्षक निघाले जेमतेम १० टक्के. आम्ही इंजिनियर लोक असं मोजमाप देणारं यंत्र दुरुस्तीला नाही, थेट भंगारात पाठवतो.

पण इतरांना हसण्याआधी माझ्या स्वतःच्या गाढवपणाची गोष्ट सांगायला हवी.

माझे मामा तासगावकडचे द्राक्ष बागायतदार. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरात ते आणि मामी आमच्याकडे आले होते. मामांना द्राक्षं दाखवायची म्हणून हौसेने नापाला घेऊन गेलो. तिथे एका वायनरीत पैसे भरून चार-पाच वाईन चाखायला देतात, सोबत एक रुबाबदार तरुण प्रवचन देतो. मामांनी आयुष्यात वाईनचा घोट घेतलेला नव्हता. पहिली पांढरी वाईन त्यांनी घेतली, जरा तोंडात घोळवली आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "आरं, आंबट हाय! पर चांगलं आंबट. तोंडाला पाणी सुटतंय, कोकमागत."

शेजारच्या टेबलावरच्या दोन बायकांनी वळून पाहिलं. मी म्हणालो, "मामा, जरा हळू बोला." आणि त्या तरुणाला सांगितलं की यातली ॲसिडिटी यांना फार आवडली. तो खूश झाला. मामा चपापून मला म्हणाले, "ॲसिडिटी? त्याची तर मी रोज गोळी घेतो!"

मग लाल वाईन आली. मामांनी घोट घेतला, तोंड जरा वाकडं केलं आणि उठून थेट बाहेरच्या वेलींकडे गेले. एक मणी तोडला, दाताखाली फोडला, साल वेगळी चावली, बी वेगळी चावली. परत येऊन म्हणाले, "मणी बारका, साल जाड, आत बी. आमी खायच्या द्राक्षाचा मणी फुगवाय मरतो, हे बारका ठेवाय बघत्यात. त्यो तुरटपणा ह्या सालीतनं आन् बियांतनं येतोय."

मी घाईघाईने म्हणालो, "मामा, त्याला टॅनिन म्हणतात."

"म्हणू देत की," मामा म्हणाले.

मग त्यांनी माझ्यामार्फत त्या तरुणाला विचारलं, तुमच्याकडे छाटणी वर्षातून एकदा का दोनदा? आमच्याकडे दोनदा, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. त्या बिचाऱ्याला छाटणीतलं काही माहीत नव्हतं. तो पुन्हा मातीचा आत्मा वगैरे सांगू लागला. त्या दालनात द्राक्ष कळणारा माणूस एकच होता आणि मी त्याला हळू बोलायला सांगत होतो.

मला आजही त्याची लाज वाटते. चूक मामांची नव्हती, त्या तरुणाचीही फारशी नव्हती. कॅबरनेट म्हणायचं की कॅबर्ने, ग्लास दांडीला धरायचा की पोटाला, हे मी इथे आल्यावर इतरांची नक्कल करत शिकलो होतो. शिकताना चारचौघांत फजिती होईल ही धास्ती होती. पुढे तीच धास्ती मी मामांवर लादली. सोवळं असंच चालतं. त्याचा सगळ्यात कडक पहारेकरी कालपर्यंत दाराबाहेर उभा असलेला माणूसच असतो.

गंमत अशी की ज्या नापात हा तोरा चालतो, त्या नापाचं नाव झालं ते हा तोरा मोडून. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये नऊ फ्रेंच परीक्षकांनी लेबलं झाकून वाईन चाखल्या. पांढऱ्यात आणि लालमध्ये, दोन्हींत पहिली आली ती नापाची वाईन. लेबलं उघडी असती तर असा निकाल लागला असता का? मला नाही वाटत. ज्यांना झाकलेल्या लेबलाने मोठं केलं, तेच आता लेबल वाचता न येणाऱ्यांकडे भुवया उंचावून बघतात.

एक मान्य करतो. धंद्यातल्या लोकांना शब्द लागतात. डेव्हिसच्या विद्यापीठात ॲन नोबल यांनी १९८४ मध्ये वाईनच्या वासांचं एक चक्र तयार केलं, ते संशोधकांना आणि वाईन करणाऱ्यांना एकमेकांशी नेमकं बोलता यावं म्हणून. उत्तम काम आहे. माझंही इम्पीडन्स या शब्दाशिवाय पान हलत नाही. पण घरी आलेल्या पाहुण्याने गाणं लावायच्या आधी मी त्याला स्पीकरचा इम्पीडन्स विचारत नाही!

आणि खरं सांगू का, आपल्याला शब्दांची वाणच नाही. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट हे सहा रस आपण शाळेत जायच्या आधी शिकतो. इंग्रजी शाळेतल्या मुलांना जिभेच्या चवी शिकवताना तुरट सहसा नसतोच. लाल वाईनमधली मुख्य गोष्ट मात्र नेमकी तीच. जो माणूस आवळा, जांभूळ आणि कच्ची सुपारी खाऊन वाढलाय, त्याला तुरटाचे प्रकार कोणी शिकवायची गरज नाही. वाईन घेताना तीनच प्रश्न विचारा. आंबट किती? तुरट किती? गोडी आहे का? वाटलंच तर चौथा, तोंडात ताकासारखी पातळ लागते की दुधासारखी दाट? बास. दुकानदाराला हेच सांगा. "आंबटसर, तुरट नसलेली, इतक्या रुपयांपर्यंत." चांगला दुकानदार बाटली काढून देईल, आणि जो हसेल त्याचं दुकान बदला.

बाकी चार कामाच्या गोष्टी. लाल वाईन 'रूम टेम्परेचर'ला प्यावी म्हणतात ती रूम युरोपातली थंड, सोळा-अठरा अंशांची. एप्रिलमधल्या पुण्यातली नव्हे. तेव्हा अर्धा तास खुशाल फ्रिजमध्ये ठेवा. झाकण फिरकीचं असलं म्हणजे वाईन हलकी असं नाही. न्यूझीलंडमध्ये चांगल्या वाईनही तशाच येतात. हॉटेलात वेटर आधी घोटभर ओततो तो तुमची परीक्षा घ्यायला नाही. वाईन खराब झाली आहे का, एवढंच बघायचं. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर परत करा, नाहीतर मान हलवा. झणझणीत रश्शाबरोबर तुरट लाल वाईन घेतली तर तोंड जास्तच पेटतं. तिथे नाशिककडची किंचित गोडसर शेनिन ब्लाँ बरी. तळलेल्या बोंबलांबरोबर आंबटसर पांढरी घ्या. लिंबू पिळल्यासारखं होतं.

आपल्याकडे हे सोवळं आणखी घट्ट आहे, कारण दुसऱ्या बाजूला चोरटेपणा आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा केवढा गदारोळ झाला! एक बाजू म्हणे संस्कृती बुडाली, दुसरी म्हणे शेतकरी तरला. वाईन लागते कशी, हे कोणीच बोलेना. मग ती एक तर काळ्या पिशवीतून घरी येते, नाहीतर टाय लावलेल्या प्रवचनकाराबरोबर. आणि तिसरा बहाणा हृदयाचा. 'थोडी घेतली तर हृदयाला बरी.' जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्वच्छ सांगितलं की दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. वाईन धरून. म्हणजे औषध म्हणून घ्यायचा प्रश्नच मिटला. मग घ्यायचं कारण एकच उरतं, ती आवडते. आणि आवडते म्हणूनच घ्यायची असेल, तर ती दुसऱ्याच्या जिभेने कशी घेणार?

मामांनी त्या दिवशी निघताना एकच बाटली घेतली, ती पहिली आंबट पांढरी. सगळ्यांत स्वस्त होती. त्या तरुणाने महागातली लाल पुढे केली, तर मामांनी हसून मान हलवली. संध्याकाळी घरी मामीने पिठलं टाकलं, मामांनी स्टीलच्या पेल्यात वाईन ओतून घेतली, आणि मला म्हणाले, "आता बोलू का मोठ्यानं?"

त्या वर्गमित्राला मी हेच सगळं लिहिलं. शिबिराचे पैसे कंपनीचे गेले, ते जाऊ देत. पुढच्या वेळी कोणी ग्लासात काय जाणवतंय असं विचारलं, तर जे जाणवतंय तेच सांग. आणि काहीच जाणवत नसेल तर तेही सांग, जरा मोठ्याने.